ही, शी आणि इट

उसाचं पाचट जाळल्याचा वास आला की माझं डोकं उठतं. दुसऱ्यांना या वासानं गुळाची आठवण होते, तोंडाला पाणी सुटतं. मला पहिलीचा वर्ग आठवतो. आमच्या शिरोळ भागात दिवाळी झाली की हंगाम सुरू. रस्त्यानं उसाच्या गाड्या, मागं लोंबणारी कांडी ओढून पळणारी पोरं, ट्रॅक्टरवर कर्णे बांधून दणाणणारी गाणी आणि शाळेच्या पटांगणावर वरून भुरभुरणारी काळी राख. त्या दिवसांत आम्ही शाळेतल्या बाया फिकट रंगाची साडी नेसायचं टाळायचो. पोरांच्या दप्तरात मुंग्या निघायच्या. गुऱ्हाळावर काकवी चाटून आलेल्या बोटांनी पुस्तक उघडलं की पानाला पान चिकटायचं, आणि ते सोडवताना हमखास चित्रातल्या आईचा नाहीतर बाबांचा चेहरा टरकायचा. यंदाही सगळं तसंच सुरू झालंय. गुऱ्हाळं तेवढी कमी झाली, कारखाने वाढले. लोक म्हणतात हंगाम जोरात आहे. असेल बापडा.

मी सांगतेय तो हंगाम दोन हजार सालचा. त्याच वर्षी सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि आम्हा प्राथमिकच्या मास्तर-बायांची पाचावर धारण बसली. आमच्यातल्या निम्म्यांना पगारपत्रकावर इंग्रजीत सही करतानाही घाम फुटायचा. मी मात्र मनातून खूश होते. त्याचं कारण जरा मागचं आहे.

मी कांबळे बाई. माहेर हातकणंगल्याच्या बाजूला. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांना, केस पिकलेल्या माणसाला, गावातलं शेंबडं पोरसुद्धा 'ए' म्हणून हाक मारायचं, आणि वडील त्या शेंबड्याला 'अहो धाकले मालक' म्हणायचे. सर्वनामं मी व्याकरणाच्या पुस्तकात शिकले नाही, ती मी आमच्या दारात उभी राहून शिकले. तू कुणाला, तुम्ही कुणाला, अरे कुणाला आणि अहो कुणाला, हे ज्याला चुकून चालत नाही त्यालाच त्याची धार कळते. पुढं हायस्कुलात इंग्रजी आलं आणि सरांनी सांगितलं की यांच्यात एकच 'यू'. कलेक्टरला यू, शिपायाला यू, बापाला यू, पोराला यू. माझा विश्वास बसेना. त्या एका शब्दापायी मला ती भाषा आवडली, बाकी स्पेलिंगं पाठ करताना जीव गेला तो गेलाच.

तर त्या वर्षी तालुक्याच्या गावी आमचं प्रशिक्षण झालं. सकाळी इंग्रजी, दुपारी जेवणानंतर 'स्त्री-पुरुष समानता'. म्हणजे समानता बरोबर डुलक्या काढायच्या वेळेला. पुण्याकडचे एक सर आले होते, चांगले होते बिचारे, तळमळीनं बोलायचे. ते म्हणाले, "दोन्ही गोष्टी एकत्र करा. इंग्रजीतून समानता शिकवा. मदर कुक्स असं न म्हणता फादर कुक्स म्हणा. मुलं लहान आहेत, भाषा नवी आहे. नव्या भाषेबरोबर नवे विचार आपोआप जातील." आपोआप! या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. या जगात आपोआप फक्त गवत वाढतं.

चहाच्या वेळेला तेच सर हसत हसत म्हणाले, "आणि हो, तुमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी येतो' म्हणतात, ते आधी सुधारा बरं." सगळे हसले. मीही हसले, कारण मीही तशीच बोलते. लिहिताना 'गेले' लिहिते, पण शेजारणीशी बोलताना 'मी बाजारला गेलतो' असंच तोंडात येतं. कोल्हापूरच्या बाईला स्वतःबद्दल बोलताना बाईपण आडवं येत नाही. शाळेत येऊन ती 'जाते, येते' शिकते आणि मग तिला शुद्ध म्हणतात.

वर्गात मी पहिल्यांदा 'आय गो' शिकवलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या सारिकानं हात वर केला. लांब वेण्या, समोरचा दात पडलेला, आणि तोंड म्हणजे चालू गिरणी. "बाई, पोरांनी काय म्हनायचं?"

"आय गो."

"आन पोरींनी?"

"पोरींनीपण आय गो."

ती ओरडली, "म्हंजी आमच्यावानीच की! बाई, इंग्लिश कोल्हापुरीच हाय की वो!" वर्ग खिदळला. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. त्या पुण्याच्या सरांना बोलावून हे ऐकवावं असंही वाटलं.

खरी गंमत पुढं झाली. ही, शी, इट. पुस्तकातला सगळ्यात साधा धडा. मी संदीप नावाच्या पोराला पुढं उभं केलं आणि म्हटलं, "ही इज संदीप." संदीपचं तोंड रडवेलं झालं. "बाई, मला ही म्हनू नका. मी काय पोरगी हाय व्हय?" बरोबरच होतं त्याचं. मराठीत 'ही' कोण? ही सारिका, ही म्हैस, ही वही. पोराला सहा वर्षं 'ह्यो' म्हणून वाढवलं आणि बाईनं एका फटक्यात त्याला 'ही' करून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "काय बी शिकवा बाई, पर पोराला पोरीत काढू नका."

मग सारिकाला उभं केलं. "शी इज सारिका." झालं! मागच्या बाकावरची पोरं नाकं धरून, "शी! शी! सारिका शी!" आता हसू येतं, पण तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. साहेबाच्या भाषेतला बाईचा शब्द आमच्या भाषेत नेमका घाणीचा निघावा? मधल्या सुट्टीत रोज पोरं पोरींना बोटं दाखवून तेच करत होती. पोरींनी पहिले दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी सारिकानं संदीपच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "तू तर ही हाईस, ही! ही संदीप!" पोरांचं नाक धरणं तिथंच थांबलं. पोराला 'ही' म्हणणं पोरीला 'शी' म्हणण्यापेक्षा मोठी शिवी ठरली. समानता म्हणायची ती अशी आली, धपाट्यानं.

आणि 'फादर कुक्स'? तेही शिकवलं मी. सगळी पोरं एकसुरात, "व्हय की बाई, पप्पा मटन करत्यात!" आमच्याकडं रानात पार्टी असली की तांबडा-पांढरा रस्सा करायला बाप्येच लागतात, बायकांना म्हणे चव जमत नाही. मी विचारलं, "मग भांडी कोण घासतं?" एकच बारीक आवाज आला, "आई." मी फळ्यावर 'मदर वॉशेस' असं लिहिलं आणि तसंच पुसलं.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एक चूक मात्र माझ्या काळजात घुसली. 'इट' शिकवताना मी टेबल दाखवलं, पिशवी दाखवली, मांजराचं चित्र दाखवलं. मग म्हटलं, आता आपापल्या घरातलं सांगा. सारिका उभी राहिली. दीड वर्षाची धाकटी बहीण होती तिला, पिंकी. सारिका ठसक्यात म्हणाली, "इट इज माय सिस्टर."

"इट नाही गं. शी."

"न्हाय बाई. ते हाय."

"बहीण आहे ना तुझी? मग ती."

सारिकानं माझ्याकडं असं बघितलं की बाईला काही कळतच नाही. "घरात समदी ते म्हनत्यात. आमचं पिंकी झोपलंय. आमचं पिंकी रडाय लागलंय. मला बी ते म्हनत्यात. आमचं सारिका शाळंला गेलंय."

काय चुकलं होतं तिचं? आमच्या मुलखात असंच बोलतात. मुलगा पाळण्यात असला तरी 'तो', मुलगी न्हातीधुती व्हायला आली तरी 'ते'. त्यात माया असते, हे मी नाकारत नाही. मीही माझ्या भाचीला 'आमचं ते' म्हणते. पण त्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून मी पहिल्यांदाच हिशेब जुळवला. पोरगी स्वतःबद्दल बोलते तेव्हा पुरुषासारखी, घर तिच्याबद्दल बोलतं तेव्हा वस्तूसारखं. 'ती' म्हणवून घेणं तिच्या वाट्याला येतं ते एकदम लग्नात. सहा वर्षांच्या पोरीनं हे सगळं दुसऱ्याच्या भाषेत जसंच्या तसं उतरवून माझ्यापुढं ठेवलं होतं, आणि व्याकरण तिचं अगदी पक्कं होतं.

मी हट्टालाच पेटले. त्या पुऱ्या हंगामात रोज पाच-दहा मिनिटं तेवढंच. माय सिस्टर, शी. माय मदर, शी. पिंकी इज अ गर्ल, शी इज माय सिस्टर. बाहेर राख पडत असायची, लांबून गुऱ्हाळाच्या इंजिनाची टुकटुक यायची आणि आत पोरं तालात म्हणायची. सारिका घरी जाऊन सगळ्यांना दुरुस्त करायला लागली. 'आमचं पिंकी' म्हटलं की हिचं सुरू, "आमची पिंकी! ती!" तिचे आजोबा, गाव ज्यांना आप्पा म्हणायचं, एकदा रस्त्यात भेटून हसत म्हणाले, "बाई, पोरगीनं आमचं बोलनं बंद केलंय की वो." हसण्यात काही वाईट नव्हतं. बागायतदार माणूस, बोलायला गोड. शाळेला पिण्याच्या पाण्याची टाकी त्यांनीच दिलेली.

संक्रांतीला त्यांच्याकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. मी कुंकू लावत नाही, पण शाळेची बाई म्हणून जायचं. सारिकाची आई सुनंदा मागच्या सोप्यात वाण भरत बसली होती. पोट दिसायला लागलेलं. मला बघून उठायला गेली, मी खांदा दाबून बसवलं. सारिकाच्या इंग्रजीवर बोललो. सुनंदा हसून म्हणाली, "मला बी शिकवतिया. म्हनतिया, आई तू शी हाईस." मग बाहेरच्या बायकांकडं एकदा बघून आवाज खाली आणला. "बाई, तपासायला न्यायचं म्हनत्यात."

तपासायला म्हणजे काय, हे त्या वेळी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कायदा झालेला होता. दवाखान्यात पाटी टांगलेली असायची, इथं गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही. त्या पाटीखालीच माणसं आपला नंबर यायची वाट बघत बसायची. डॉक्टर तोंडानं काही सांगतच नसे. पेढे आणा म्हटलं की मुलगा. काहीच बोलला नाही, तर मुलगी. म्हणजे तिथं पोरीसाठी 'ते'सुद्धा नव्हतं, शब्दच नव्हता.

मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, सुनंदाताई?"

"मला काय वाटायचं हाय? मला कोन इचारतंय?" आणि मग तिळगुळाची वाटी हातात तशीच धरून म्हणाली, "पर बाई, ह्या खेपंला लई हलतंय वो. काय का असंना, मला पायजे हाय."

मी त्याच दिवशी आप्पांना गाठलं. ओसरीवर बसले होते. मी आडपडदा न ठेवता म्हटलं, "आप्पा, सुनेला तपासायला नेऊ नका. गुन्हा आहे तो. आणि तिला हे मूल हवंय."

आप्पांचा आवाज जराही चढला नाही. "बाई, दोन हाईत की. दोघींचं बी लाडच करतोय आमी. सारिकाला तुमच्याकडं शिकाय घातलंय. आता वंशाला दिवा नगो?"

"आणि तिसरी मुलगी असली तर?"

"तुमी इंग्रजी शिकवा. लई झ्याक शिकवताय. घरातलं आमचं आमी बगतो." मी उठले नाही, तसे हसून म्हणाले, "तुमच्यात चालत असंल बाई, आमच्यात आसं चालत न्हाय." एवढ्या गोड आवाजात माझी जात मला कुणी दाखवली नव्हती. चहा मात्र आला. कपबशी वेगळी नव्हती, तेवढी प्रगती झाली होती.

मी काय करू शकत होते? तक्रार? कुणाकडं, कशाची? घडायच्या आधी तक्रार घेत नाहीत, घडल्यावर कुणी साक्ष देत नाही. आमच्या शाळांच्या केंद्रप्रमुख साहेबांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "बाई, कशाला भानगडीत पडता? बदलीचे दिवस आलेत." खरं सांगते, त्या दिवशी त्या माणसाच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला. त्याच टेबलावर आमच्या समानतेच्या प्रशिक्षणाचा अहवाल पडलेला होता, फोटोसकट.

पुढच्या आठवड्यात सारिका शाळेत आली नाही. मग आली, वेण्या आत्यानं घातलेल्या, एक वर एक खाली. पोरांना चित्र रंगवायला दिलं होतं, ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, आईच्या पोटातलं बाळ आता न्हाय."

मी तिचा हात धरला.

"आत्या म्हनली, बरं झालं, पोरगीच हुती." मग अगदी अभ्यासातली शंका विचारावी तसं तिनं विचारलं, "बाई, जे आलंच न्हाय, त्येला शी म्हनायचं का इट म्हनायचं?"

मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत पोरांनी नाही नाही ते प्रश्न विचारले. पाऊस कोण पाडतं, माणूस मेल्यावर कुठं जातो, काहीही. काही ना काही उत्तर दिलं मी. त्या दिवशी मी आधी तिच्या हातातली वही घेऊन टेबलावर ठेवली. पाठीमागं पोरं रंगाच्या पेटीवरून भांडत होती. शेवटी मी म्हटलं, "शी. शीच म्हणायचं, बाळ." तिनं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. मी फळ्याकडं तोंड करून उगीच तारीख पुसली, पुन्हा लिहिली.

सुनंदा नंतर दिसायची, विहिरीवर, दळपाच्या गिरणीत. बोलायची कमी झाली होती. मला बघितलं की पदर सावरून बाजूला व्हायची. माझं बोलणं तिला त्या घरात महागात पडलं असणार, ती काही सांगणार नाही आणि मी कधी विचारलं नाही. सारिका पुढं शिकली. हुशारच होती. दरवर्षी पहिली यायची. आणि मला दरवर्षी पहिलीचा वर्ग मिळत गेला. पहिलीत पोरींची रांग आखूड होत गेली. संवाद वाचून घ्यायचा तर पुस्तकातली मीना व्हायला पोरगी कमी पडायची, मग एखाद्या पोरालाच "आय ॲम मीना" म्हणायला लावायचं आणि वर्गानं हसायचं. नवीन पुस्तकं आली. त्यात बाबा झाडू मारताना दिसतात, आई कॉम्प्युटरपुढं बसलेली दिसते. चित्रं फार चांगली आहेत, रंगीत. वरून साहेब तपासणीला येतात, चित्रं बघून खूश होतात. मी म्हणते, हो साहेब, समानता आलीय. पुस्तकात आलीय. वर्गात घेऊन बसायला पोरी तेवढ्या पाठवा.

मला लोक म्हणतात, बाई, तुम्ही फार कडवट बोलता. गुळाच्या गावात राहून कडू बोलता. बोलते. हुंड्यात मोटारसायकल मागणारी पोरं आता लग्नाला पोरगी मिळत नाही म्हणून लांब लांबच्या मुलखात जाऊन मुली आणतायत, भाषा न कळणाऱ्या. त्या बिचाऱ्या गावात येऊन 'हाय, न्हाय, व्हय' शिकतात. त्यांना शिकवायला प्रशिक्षण कुणी काढलं नाही.

या सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं. सारिकाचा भाऊ, झाला एकदाचा, यंदा माझ्याच वर्गात आहे. गोरटेलं, गुबगुबीत, लाडावलेलं पोर. त्यानं माईकवर 'माय फॅमिली' म्हणून दाखवलं. एक चूक नाही. आय हॅव टू सिस्टर्स म्हणताना समोर बसलेल्या पिंकीकडं बोट दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी सगळ्या शाळेला जिलेबी आणली होती. सारिका हायस्कुलाच्या प्रभातफेरीतून तशीच आली होती, पांढरा गणवेश, हातात छोटा झेंडा. आता माझ्यापेक्षा उंच झालीय.

आप्पा म्हातारे झालेत, पण आवाज तोच. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून आलेल्या पाव्हण्यांना सांगत होते, "ह्यो आमचा तिसरा. दोन पोरींवर देवानं दिलं बगा."

सुनंदा जिलेबीच्या पराती उचलत होती. उचललेली परात तिनं पुन्हा खाली ठेवली.

सारिका आजोबांच्या शेजारीच उभी होती. आवाज चढवला नाही तिनं, त्या घराची रीतच नाही ती. पण चारचौघांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "न्हाय आप्पा. ह्यो चौथा."